हातात नसलेल्या गोष्टी

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. गुलामीतून सुटलेल्या एका रोमन विचारवंताचा मुद्दा दर वर्षी रंगवून सांगतो: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, नसलेल्यांसाठी जीव जाळू नये. या मुद्द्याच्या आड मी बरीच वर्षं लपलो होतो. हे कुणाला बोललो नाही. आता लिहितो.

शाळेपासूनचा माझा एक मित्र रोशनगेटकडं, मुस्लिम वस्तीत राहतो. ईदला त्याच्या घरी जाणं ठरलेलं. त्याची अम्मी माझ्यासाठी शीरखुर्म्याची वाटी झाकून ठेवायची. एका वर्षी दंगा होऊन शहर बिघडलं. संचारबंदी उठली, दुकानं उघडली. मी मात्र गेलो नाही. वातावरण काही माझ्या हातात नाही, अशी स्वतःची समजूत घातली. पुढच्या ईदला तेच. मग मागच्या वेळी गेलो नाही, म्हणून जाववेना. मित्र बाजारात भेटला की विचारायचा, "काय सर, तुमचा रोमन बरा आहे ना?" त्यानं 'तू' सोडून 'तुम्ही' धरलं होतं.

गेल्या हिवाळ्यात वर्गात तोच मुद्दा चालू होता. फुलंब्रीहून रोज येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, हे लई सोपं झालं की! ज्याची भीती वाटंल, ते हातात नाय म्हणायचं अन् घरी बसायचं."

वर्ग हसला. मला मात्र उमगलं, की दर वर्षी मी हातात नसलेल्या गोष्टींवरच तास काढतो. असलेल्यांवर यायच्या आत बेल होते.

त्याच दुपारी गेलो. दार मित्रानंच उघडलं. "रस्ता चुकलात का, सर?"

आतून अम्मी म्हणाल्या, "कौन, अपना मास्टर? आ जा बेटा, परसों तो आया था."

टोमणाच तो, असं वाटून मी मान खाली घातली. मित्र हसला. "अरे, तिच्या बोलीत गेलेला कुठलाही दिवस परसोंच. माझं लग्नसुद्धा परसोंच झालंय."

त्याच्या तोंडून 'अरे' ऐकलं आणि मला धीर आला. म्हणालो, "अम्मी, मैं डर गया था." दंग्याला नव्हे, आमच्या गल्लीतले काय म्हणतील, याला. तेही सांगितलं.

"डर तो हमकू भी लगा था," त्या म्हणाल्या. "हम किसके घर जाते?"

आवाजात राग नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. त्यांनी चहा पुढं सारला.

"गाडी कुठं लावलीस?" मित्रानं विचारलं.

"मेन रोडला."

त्यांच्या दारात ती ओळखीच्या कुणाला दिसू नये, म्हणूनच लांब लावली होती. मी कप तसाच ठेवून उठलो, स्कूटर गल्लीत आणली आणि त्यांच्या दारासमोर उभी केली. कोपऱ्यावर आमच्या गल्लीतला एकजण पान खात उभा होता. त्यानं पाहिलं. मी हात केला.

परत आत आलो, तर अम्मी कप उचलून स्वयंपाकघराकडं निघाल्या होत्या. "ठंडी हो गई. बैठ, दूसरी लाती."