रेखाचा बाण खाली होता

रेखा गेल्याचा फोन तिच्या भावाने लोह्याहून केला, तेव्हा मी लातूरला कॉलेजात तास घेत होते. तास संपवून स्टाफरूममध्ये रडत बसले आणि रडता रडता आमच्या पीएचडीच्या सरांना शिव्या घातल्या. तिला आजाराने नेलं खरं, पण तिचं काम सरांनी आधीच नेलं होतं.

नांदेडला आम्ही दोघी त्यांच्याकडेच पीएचडीला होतो. विषय होता अतिशय पातळ थरातले इलेक्ट्रॉन. तिथे इलेक्ट्रॉन जिकडे धावतो, त्यावर त्याच्या फिरकीची, म्हणजे स्पिनची, दिशा ठरते. बाकीचे लोक प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा धरून गणित मांडत. रेखा म्हणायची, "एकटं कोन ऱ्हातंय गं? एकमेकाला ढकलूनच राहिलेत की सगळे." हे ढकलणं हिशेबात घेतलं की धावण्याचं आणि फिरकीचं नातं आणखी घट्ट होतं, हे तिने खपून दाखवलं. सरांनी ते एकट्याच्या नावावर छापलं. ती गप्प बसली. मला मात्र ते कधीच पचलं नाही.

तिचे वडील विहिरी खोदायचे. थराला उभा अक्ष काढताना सगळे बाण वर दाखवतात, ती खाली दाखवायची. "आमच्यात खोली खालीच मोजतेत," म्हणायची. बाण उलटा धरला की सूत्रातलं चिन्हही उलटं येतं. सरांनी सूत्र तिचं उचललं आणि आकृती नेहमीची, वरच्या बाणाची जोडली. माझ्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं... रेखाने शपथ घातली म्हणून गप्प होते.

नांदेडला विभागातल्या शोकसभेत सर म्हणाले, "रेखा मला आकडेमोडीत मदत करायची." मी उठले.

"सर, तुमच्या सूत्राप्रमाणे फिरकी तुमच्याच आकृतीच्या उलटी जाते. असं का?"

"छपाईची चूक असेल."

"प्रत्येक ओळीत?"

मग तो बाण कुणाचा, तो खाली का होता, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. सर रुमालाने चष्मा पुसत राहिले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रेखाचे वडील पुढेच बसले होते. हळूच म्हणाले, "कबूल केलं का त्येनं?"

"नाही, काका."

"मंग सोडू नको त्येला."

सोडलेलं नाही. सरांनी ते ज्यात छापलं त्या नियतकालिकाला सगळं कळवलंय, सरांकडे खुलासा मागितला गेलाय. परवा विभागात गेले होते. रेखाची खुर्ची अजून खिडकीपाशीच आहे. त्याच खुर्चीवर बसले होते, तेवढ्यात सर आत आले. सगळे उभे राहिले. मी बसूनच राहिले.