वारुळातली मेंढरं

सकाळी साडेनऊला मी माळावर पोचले तेव्हा पाच मेंढ्या मेलेल्या होत्या आणि सहावी पाय झाडत होती. पोटं टम्म फुगलेली, नाकातोंडातून काळपट रक्त आलेलं, आणि ते गोठत नव्हतं. आमच्या कामात असं रक्त दिसलं की आधी सगळ्यांना लांब व्हायला सांगायचं, बाकीचं नंतर.

तेव्हा मी तुळजापूर तालुक्यातल्या एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. कागदावर पशुधन विकास अधिकारी, लोकांच्या तोंडी 'जनावराच्या म्याडम'. कळप म्हाळाप्पांचा होता. म्हाळाप्पा सत्तरीचे धनगर, डोक्याला लाल पटका, बोलणं मोजून मापून. सव्वाशेच्या आसपास मेंढ्या, आणि त्यांच्यावर जगणारी सात माणसं: ते स्वतः, बायको, मुलगा, सून जना आणि तीन नातवंडं. शेत नाही, घरात कोणी नोकरीला नाही. हा कळप गेला की सगळंच गेलं.

मेलेल्या मेंढीच्या कानाच्या शिरेतून मी थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतलं आणि दवाखान्यात येऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं. बांबूच्या कांड्या एकापुढं एक ठेवाव्यात तसे जंतू दिसत होते. फाशी. माणसांचे डॉक्टर ह्याला अँथ्रॅक्स म्हणतात. ह्या जंतूची खोड अशी की मेलेलं जनावर फाडलं, की तो रक्तातून मातीत उतरतो आणि तिथं वर्षानुवर्षं पडून राहतो. मग कधीतरी त्या मातीतलं गवत दुसरं जनावर खातं. माणसानं कातडं सोललं तर त्याच्या हातावर काळा फोड उठतो. म्हणून जनावर फाडायचं नाही, सोलायचं नाही, खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरायचं.

म्हाळाप्पांच्या लोकांनी मी जाण्याआधीच मेलेल्या मेंढ्यांवर काटे टाकून ठेवले होते. कातड्याला हात लावला नव्हता आणि कुत्री बांधली होती. मला बरं वाटलं. दवाखान्याच्या भिंतीवर आमच्या खात्याचं पोस्टर आहे, त्याचं श्रेय मी त्या पोस्टरला देऊन टाकलं.

दुपारी परत माळावर गेले. ताप आलेल्या मेंढ्यांना पेनिसिलिन दिलं. बाकीच्यांना लस द्यायची होती, पण ती धाराशिवहून यायची होती. शिवाय लस टोचली तरी अंगात ताकद यायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर त्या मातीपासून दूर राहणं एवढाच उपाय असतो. म्हणून मी म्हाळाप्पांना सांगितलं की कळप आजच्या आज इथून हलवा.

त्यांनी विचारलं, "हलवायचं म्हंजे कुठं?"

"कुठंही. हे वारूळ सोडून."

आता हे वारूळ. माळाच्या मधोमध पुरुषभर उंचीचं जुनं वारूळ होतं. दिवाळी नुकती झालेली, त्यामुळं त्यावर हळदकुंकू, समोर नारळाच्या करवंट्या. आमचे पशुधन पर्यवेक्षक शिंदे मला येतायेताच गाडीवर म्हणाले होते, "म्याडम, ही मंडळी वारूळ सोडून हलायची न्हाईत. जगातली पहिली मेंढरं ह्यातनं निघाली म्हणत्यात." गोष्ट अशी की महादेवानं वारुळाचं तोंड उघडलं, आतून मेंढरं निघाली ती निघतच राहिली, कुणाला आवरेनात, म्हणून ती राखायला देवानं धनगर घडवला. दर दिवाळीला हा कळप ह्या माळावर येतो, आठ-दहा दिवस बसतो आणि वारुळाची माती मेंढरांच्या कपाळाला लागते.

शिंद्यांचं ते वाक्य मी धरून बसले. त्याला कारण माझं घर. माझे वडील कळंबला शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात देवघर होतं, पण त्यातल्या देवांना जग निर्माण करायची परवानगी नव्हती. कुणी विश्वाच्या उत्पत्तीची गोष्ट काढली की वडील खडू शोधायला लागायचे. ती सवय माझ्यात पुरेपूर उतरली आहे. वाद घालायला मिळाला की मला भूक लागत नाही.

तर त्या दुपारी माळावर उभं राहून मी म्हाळाप्पांना मेंढीचा इतिहास सांगितला. रानमेंढ्या लांबच्या डोंगरांत होत्या, माणसानं त्या हजारो वर्षांपूर्वी पाळल्या, निवडून निवडून पैदास केली, माणसांबरोबर फिरत फिरत त्या इकडं आल्या. वारुळात वाळवी असते, फार तर साप असतो. उलट ही वाळवी खालची माती वर आणते, आणि खाली जुनं मेलेलं जनावर पुरलेलं असेल तर त्याच्याबरोबर रोगही वर येतो. म्हणजे ज्याला तुम्ही मेंढरांची आई म्हणता तेच त्यांना मारत असेल. हे शेवटचं वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं.

म्हाळाप्पांनी सगळं ऐकून घेतलं. पटतंय का म्हणून विचारलं तर म्हणाले, "पटतंय की." मग हलवा म्हटलं तर काठीवर हनुवटी टेकून गप्प.

दुसऱ्या दिवशी आणखी तीन मेल्या. मी मोबाईलवर रानमेंढ्यांचे फोटो घेऊन गेले. नातवंडांना ते फार आवडले, धाकटी तर मोबाईल सोडेना. जनानं काळा चहा दिला. सगळ्यांचे हात, दंड तपासले, फोड कुठंच नव्हता. म्हाळाप्पांनीही फोटो पाहिले, शिंगं झकास आहेत म्हणाले आणि मेलेल्या मेंढ्यांचा खड्डा खणायला निघून गेले. मला मनातून फार राग आला. एवढं समजावूनही माणूस दगडासारखा कसा राहू शकतो, असं वाटत राहिलं.

संध्याकाळी तालुक्याच्या साहेबांचा फोन आला. कळप अजून तिथंच का, म्हणून त्यांनी विचारलं.

"मालकाची अंधश्रद्धा, सर."

"मग तसं लेखी पाठवा."

मी पाठवलं. एका ओळीचंच काम होतं.

तिसऱ्या दिवशी लस आली. शिंदे आणि मी लसीचा आइसबॉक्स घेऊन पोचलो तर चार नव्या मेंढ्या पडलेल्या. त्यातली एक गाभण होती. लस टोचता टोचता माझा तोल गेला. तुमच्या गोष्टीपायी मुकी जनावरं मरतायत, असं मी सगळ्यांदेखत बोलले. जनाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाळाप्पा पुढची मेंढी धरून उभे राहिले. शेवटी मी सिरिंज ट्रेमध्ये टाकली आणि म्हटलं, "आप्पा, तुम्ही हलत का नाही?"

तीन दिवसांत मी त्यांना विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. त्यांना उत्तर द्यायला अजिबात वेळ लागला नाही.

"म्याडम, रोग लागल्यालं खांड हलवत्यात व्हय?" खांड म्हणजे कळप. "खालच्या वाटंला माझ्या मेव्हन्याचं खांड बसलंय. वरल्या अंगाला सोयऱ्याचं. कुठंबी निघालो तरी त्येंच्या चरायच्या रानातनं जायाचं. माझी मेली ती मेली. त्येंची कशापायी मारू?"

साथीच्या रोगात बाधित कळप गावाबाहेर हलवायचा नाही, हा आमच्याच पुस्तकातला नियम. तो मी परीक्षेत लिहिला होता. वारूळ दिसल्यावर तो डोक्यातून गेला आणि मी 'कुठंही' म्हणून मोकळी झाले. ते माझ्या पुस्तकाप्रमाणं वागत होते आणि मी त्यांना त्याबद्दल बोल लावत होते.

हे आधी का नाही सांगितलं म्हणून विचारलं. त्यावर ते म्हणाले, "तुमी वारुळाचंच बोलत व्हता. म्हनलं, डाक्टर हायती, इचार करूनच सांगत असत्याल. म्हनून गप ऱ्हायलो. पर पाय उचलंना."

"आणि ही वारुळाची गोष्ट?"

म्हाळाप्पा पहिल्यांदा हसले. दोन्ही हात पुढं केले. "पन्नास वर्सं ह्या हातानं कोकरं वढून काढतुय, म्याडम. मेंढरू कुठनं निघतं ते मला म्हाईत न्हाय व्हय? गोष्ट दिवाळीला सांगायची असती. पोरं ऐकत्यात, बरं वाटतं. तुमी तीन दिस ती खोटी हाय म्हनून सांगताय. खरी हाय म्हनून सांगितली कुनी तुमाला?"

कुणीच सांगितली नव्हती. शिंद्यांनी ऐकीव सांगितली, ह्या लोकांचा तिच्यावर विश्वास आहे असं मी धरून चालले आणि ती खोटी ठरवायला निघाले. मला त्या माळावर सगळ्यांसमोर खरोखर लाज वाटली.

मग जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारायला लागले. मेंढरं चरली कुठं? तर वारुळाजवळ चरलीच नव्हती, तिथं गवताची काडीसुद्धा नव्हती. चरली होती पलीकडच्या ओघळीत. तिथं पावसानंतर हिरवं गवत टिकून होतं. मी आणि म्हाळाप्पा ओघळीत उतरलो. काठ पाण्यानं ढासळला होता आणि आतून हाडं बाहेर आली होती. गेल्या साली कुणा परक्याची मेंढरं इथं मेली होती आणि घाईनं उथळ पुरली होती, हे म्हाळाप्पांना ठाऊक होतं. त्या हाडांजवळच्या मातीत रोग इतके दिवस जिवंत राहतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अर्धं त्यांच्याकडं होतं, अर्धं माझ्याकडं, आणि बोलत मी एकटीच होते.

पुढचं काम अर्ध्या दिवसाचं. ओघळ बाभळीच्या काट्यांनी बंद केली. मेंढरांची वाघर, म्हणजे सुतळीच्या जाळीचं कुंपण, वारुळाभोवतीच्या उघड्या जमिनीवर लावली, कारण गवत नसलेली सगळ्यात सुरक्षित जागा तीच होती. गावकऱ्यांनी दहा दिवस कडबा आणि पाणी आणून दिलं. आजूबाजूच्या दोन्ही खांडांना लस टोचली. म्हाळाप्पांच्या आणखी दोन मेंढ्या गेल्या, त्या आधीच बाधलेल्या असणार. त्यानंतर एकही नाही. मेव्हण्याच्या आणि सोयऱ्याच्या कळपात एकही मेंढी मेली नाही.

अंतिम अहवालात 'उपाययोजनेस दोन दिवस विलंब, कारण' असा मुद्दा होता. मी लिहिलं: मालकाकडे चौकशी केली नाही. साहेबांनी बोलावून घेतलं.

"मॅडम, आधीच्या पत्रात तर अंधश्रद्धा आहे. तेच राहू द्या. स्वतःविरुद्ध असं कुणी लिहितं का?"

मी म्हटलं, "सर, त्या कळपाजवळ वारुळाची गोष्ट धरून वागणारं माणूस एकच होतं, आणि ते मी होते."

अहवाल तसाच पुढं गेला.

एकूण पंधरा मेंढ्या गेल्या. मी पहिल्या दिवशी विचारलं असतं तरी काही गेल्याच असत्या, पण त्या गाभण मेंढीसकट चार-पाच तरी वाचल्या असत्या, असा माझा हिशेब आहे. मेंढरं वारुळातून निघाली नाहीत हे मला पहिल्या दिवशीही माहीत होतं. त्या चार-पाच मेंढ्यांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.