साहेबांचा समतोल

सोलापुरात सात रस्त्याला ट्रॅव्हल्सची बस उभी होती. मी खिडकीत, खाली नान्ना. आम्ही मूळचे तेलुगू, भवानी पेठेतले विणकर. आमच्यात वडलांना नान्ना म्हणतात. उभा जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात काढल्यानं त्यांचे कान गेलेत, आणि स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते सगळ्यांशी ओरडूनच बोलतात.

"पद्मा, पासपोर्ट कुटं ठेवलास?"

अख्खी बस माझ्याकडं बघायला लागली. त्या दिवशी मी रडलेच नाही, इतकी लाज वाटत होती.

आता इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. रोटा, हँडओव्हर, लाँग डे असले ड्युटीचे शब्द आता माझ्या तोंडून झोपेतही निघतात. माझ्याबरोबर ड्युटीला समीरा असते. ती गाझाची. नाकेबंदीच्या दिवसांत तिची बहीण तिकडं तान्ह्या मुलाला घेऊन अडकली होती. बाळाच्या दुधाचे डबे सीमेवर ट्रकमध्ये पडून, आणि बहीण मसुराचं पाणी गाळून पाजायची. समीरा इथं दुसऱ्यांच्या बाळांचं दूध मापून बाटल्यांत भरायची. इथले पुढारी टीव्हीवर चिंता व्यक्त करायचे. चिंता व्यक्त करायला कुठं काय लागतं, नीट बांधलेला टाय असला की झालं.

मला वाटायचं, आपल्याकडं असं नसेल. त्याच काळात मी सुट्टीवर सोलापूरला आले.

परदेशी गेलेल्या सोलापूरकरांचा सत्कार ठेवला होता. प्रमुख पाहुणे दिल्लीचे एक साहेब. नोकरीतून निवृत्त, पण परराष्ट्र धोरणाचे सल्लागार म्हणून सरकारी गाडीतून अजून न उतरलेले. माझा धाकटा भाऊ श्रीनिवास आठवडाभर त्यांच्या मागंपुढं करत होता. अक्कलकोट रोडला त्याचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आणि परदेशातल्या प्रदर्शनाला जाणाऱ्या शिष्टमंडळात त्याला स्वतःचं नाव घालून घ्यायचं होतं.

साहेब बराच वेळ बोलले. आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपण फार महत्त्वाचं काही ऐकतोय असं वाटावं आणि घरी गेल्यावर एक वाक्य आठवू नये. मला मात्र एक आठवतंय. गाझाची नाकेबंदी हा दबावाचा मार्ग आहे, तिकडं भावनेनं बघून चालत नाही, आपण समतोल राखला यातच आपलं मोठेपण, असं ते म्हणाले. माणसं उपाशी राहतात हे त्यांनी 'मानवी पैलू' या दोन शब्दांत उरकलं आणि पाणी प्याले.

सत्कार झालेल्यांतर्फे आभाराचे दोन शब्द बोलायला माइक माझ्याकडं आला.

"साहेब, मी बाळांच्या वॉर्डात काम करते," मी म्हणाले. "तान्ह्या पोराचं दूध नाक्यावर अडवून ठेवायचं, यात समतोल कशाचा राखायचा?"

ते हसले. पाहुण्यांसमोर कविता चुकलेल्या पोरीकडं बघून हसतात तसे.

"ताई, तुम्ही नर्स ना? तुम्ही इंजेक्शनं द्या. परराष्ट्र धोरण आमच्यावर सोडा."

सभागृह हसलं. डॉक्टर हसले, वकील हसले, माझे शाळेतले सर हसले. श्रीनिवासही हसला.

नान्नांना साहेबांचं काही ऐकू गेलं नव्हतं. माझं गेलं होतं, कारण माइक मी तोंडालाच लावला होता. ते दुसऱ्या रांगेतून उठले.

"साहेब, पोरगी काय विचारती त्ये सांगा की. दूध अडवायचं का न्हाय?"

त्या आवाजाला माइक लागत नाही. हसू थांबलं. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग संयोजकांकडं बघितलं. संयोजकांनी अल्पोपाहाराची घोषणा केली. देशाचं धोरण ठरवणारा तो माणूस एका म्हाताऱ्या विणकराला हो किंवा नाही एवढंही सांगू शकला नाही. भजी मात्र त्यानं दोनदा घेतली, आणि जाताना शेंगाचटणीची पाकिटं गाडीत ठेवून घेतली.

घरी श्रीनिवास मला म्हणाला, "अक्का, तू जातीस निघून. आमाला हितं राहायचंय." दुसऱ्या दिवशी समाजातली चार मोठी माणसं आली. पद्मा, साहेबांना एक फोन करून दिलगिरी व्यक्त कर, पोराचं काम होईल, असं त्यांचं म्हणणं. नान्नांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की विचारलं मीबी, तर फोन मी लावतो, पण तोच प्रश्न परत विचारीन. चहा पिऊन माणसं गेली. फोन कुणी लावला नाही. शिष्टमंडळ गेलं, त्यात श्रीनिवासचं नाव नव्हतं. तो आता माझ्याशी कामापुरतं बोलतो.

तिकडं मधे काही ट्रक सोडले, थोडं दूध पोचलं. समीराच्या बहिणीचं बाळ वाचलं. त्याच्या वयाची पोरं पळतात, ते अजून भिंतीला धरूनही उभं राहत नाही. साहेबांच्या भाषेत हा पैलू झाला.

गावात मागं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, त्या सभागृहात तुमच्यापैकी बरेच जण होतात, म्हणून हे लिहितेय. इंग्लंडला परत आल्यावर मी समीराला सांगितलं की माझ्या गावात, भर सभेत, माझ्या म्हाताऱ्या बापानं सरकारी माणसाला तुझ्या भाच्याच्या दुधाबद्दल विचारलं. तिनं गावाचं नाव विचारलं. मग सोलापूर, सोलापूर असं दोनतीनदा म्हणून पाहिलं, नीट जमेपर्यंत. तुमचं गाव फार चांगलं असणार, असं म्हणाली.

मी हो म्हणाले. बाकीचं सभागृह हसलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. साहेबांची लाज मला वाटत नाही, ते माझे कोण? लाज वाटते ती तुमची. परक्यासमोर अजून तुमच्यावर पांघरूण घालावंसं वाटतं. घर म्हणून आता माझ्याकडं एवढंच उरलंय.