मशीनने घातलेला कॉमा

रोहिणीच्या रिपोर्टमध्ये सगळीकडे लाल खुणा होत्या. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे आमचे मॅनेजर दीपक सर त्याच दुपारी ठरवणार होते. तिची सीनियर म्हणून मलाही केबिनमध्ये बोलावलं.

महाप्याच्या आमच्या ऑफिसात परदेशी पुस्तकांचं कॉपी-एडिटिंग होतं, म्हणजे छापण्याआधी इंग्रजी नीट करायचं काम. आधी सॉफ्टवेअर फाइलवरून फिरतं. वाक्याच्या सुरुवातीला क्रियाविशेषण दिसलं की पुढे कॉमा ठोकतं. 'हाउएव्हर'नंतर तो हवाच. पण 'नाउ', 'ऑफन' अशा साध्या शब्दांनंतर बहुतेकदा नको, वाचणारा उगाच अडखळतो. असे कॉमा ओळखून काढायला माणूस ठेवलेला. रोहिणी तेच करत होती.

आमचं ऑडिट मात्र तिची फाइल सॉफ्टवेअरच्या फाइलशी ताडून बघतं. फरक दिसला की एरर.

"सर, तिने काढलेले कॉमा मी तपासले. बरोबर काढलेत."

"मला माहितीये."

"मग?"

"क्लायंटला स्कोअर जातो मॅडम, वाक्यं नाही. तिला एक महिना देतो. फक्त हात कमी लावायला सांगा."

हे तिला सांगताना मला लाज वाटली. उरणजवळच्या गावातून बस बदलत येणारी बाई, पदरात दोन मुलं, घरात पगार एकटीचा.

"म्हंजे वाचायचं नाय, मॅडम?"

"वाच. पण काढू नकोस."

"काढायचं नाय तर वाचू कशाला?"

मी तिला पुढची फाइल पाठवून दिली.

पुढच्या महिन्यात तिचा रिपोर्ट स्वच्छ आला. ती कायम झाली, तिने पेढे वाटले. त्या आठवड्यात मी सहज तिची एक फाइल उघडली. कॉमांचं सोडा, एक अख्खा परिच्छेद दोनदा आला होता. सॉफ्टवेअरला तो दिसला नव्हता, म्हणून ऑडिटलाही दिसला नसता. मला राहवेना. मी तो काढून टाकला.

दोन दिवसांनी रोहिणी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या नावावर मोठी एरर चढली होती.

"मॅडम, माझ्या फाइलला हात कोनी लावला?"

"मी. परिच्छेद दोनदा आला होता गं."

"माहितीये. मी वाचला होता."

एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली. मला तिच्याकडे बघवेना. आमच्या धंद्यात आता एवढंच शिकायचं राहिलंय: चूक दिसली, तर दुरुस्त करण्याआधी ती कोणाच्या नावावर पडेल ते बघावं.