रुमालाआडून धरलेला हात

कमरेला खोचलेला रुमाल तिने काढला. झटकला. डाव्या तळव्यावर नीट पसरला. कोपऱ्यात गुलाबी फूल भरलेला रुमाल. आणि त्या रुमालाआडून तिने माझा हात धरला.

"तुझ्या हाताला फार घाम येतो गं," ती म्हणाली. "निसटतो."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "सॉरी."

सॉरी! घामाबद्दल! भोपाळच्या भर एप्रिलमध्ये! बरं, मैदानातल्या कोणाला घाम येत नव्हता? पण नाही. आमच्या बाईसाहेब मान खाली घालून सॉरी म्हणाल्या, वर हसल्यासुद्धा. आज ती कार्टी समोर आली तर मी तिच्या टाळक्यात एक टपली देईन. पण ती मीच. त्यामुळे हात आखडतो.

ती, म्हणजे रोहिणी. आमच्या कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या मुलींच्या कबड्डी संघाची कप्तान. तिचे वडील कारखान्यात मोठे साहेब. टाऊनशिपच्या वरच्या अंगाला त्यांचा बंगला, दारात गुलाबाच्या कुंड्या. माझे बाबा त्याच साहेबांच्या खात्यात खलाशी, म्हणजे पडेल ते ओझं उचलणारे मजूर. आमचं क्वार्टर नाल्यापलीकडच्या शेवटच्या लाईनीत. एक खोली, मागे मोरी, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. दोघींची घरं मराठी. ती पुण्याकडची, आम्ही नागपूरकडचे. संघात सगळं हिंदीत चालायचं. हे घामाचं तेवढं ती मराठीत सांगायची. हळू आवाजात. मला वाटायचं, आपली म्हणून सांगते. इतरांसमोर लाज काढत नाही. किती चांगली मुलगी!

परवा त्याच रोहिणीचा फोन आला. इतक्या वर्षांनी. टाऊनशिपच्या जुन्या खेळाडूंचा मेळावा आहे म्हणे. जुने संघ स्टेजवर बोलावणार, सत्कार करणार. "आपण सगळ्या हात धरून साखळी करायची, अगदी तेव्हासारखी. मस्त फोटो येईल. तुझी जागा काय, ठरलेलीच. डावा कोपरा!" आणि हसली. हसू अजून तसंच. चांदीच्या चमच्यासारखं.

तेव्हापासून बूड टेकत नाही. चहा ठेवते, गॅस लावायला विसरते. भोपाळातच इंद्रपुरीतल्या या एवढ्याशा घरात पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत येरझारा घालते. नात म्हणते, "आजी, तू चक्कर का मारतेय? बैठ ना एका जागी." कशी बसू? तळहात खाजतात.

डावा कोपरा. ज्यांनी कबड्डी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरची खेळाडू दम घेऊन, कबड्डी कबड्डी म्हणत आपल्यात शिरते. आपण एकमेकींचे हात धरून साखळी करतो, तिला घेरतो. मधल्या मुलीचे दोन्ही हात गुंततात. टोकाच्या मुलीचा एकच. टोकाची मुलगी खाली झेपावून चढाईवालीचा घोटा पकडते. बाकीच्यांनी लगेच वर पडायचं. कोपरा एकटा घोटा धरू शकतो, पण रोखू शकत नाही. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

पहिल्या दिवशी उस्तादांनी मला मधे उभं केलं होतं. उस्ताद म्हणजे आमचे कोच. कारखान्याच्या अग्निशमन दलात नोकरी, संध्याकाळी मुलींना शिकवायचे. अस्सल भोपाळी. मी मधे उभी राहिले तशी दोन्ही बाजूंच्या मुलींना एकदम काही ना काही सुचलं. एकीच्या पायात काटा गेला. दुसरीची वेणी सुटली. माझे दोन्ही हात तसेच लोंबत. तेव्हा रोहिणी पुढे आली.

"उस्ताद, इसे कोने पे डाल दीजिए. ताकतवर है. मैं रखती हूँ इसे अपने पास."

ताकतवर! मी घरी उडत गेले. आईला सांगितलं, कप्तानाने मला स्वतःच्या शेजारी घेतलं. शेजारपाजारी सांगितलं. नळावर सांगितलं. नाल्यावरच्या म्हशीला तेवढं सांगायचं राहिलं.

मधे उभं राहिलं तर दोघींना माझा हात धरावा लागतो. कोपऱ्यात एकीलाच. हा एवढासा हिशेब माझ्या डोक्यात शिरला नाही. कॉलेजात गणित घेतलं होतं मी. हसा.

बरं, हिशेब नाही तर नाही, निदान गप्प बसावं. पण मी घामाच्या मागे लागले. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायची. सरावाआधी तळवे मातीत घासायची. आईच्या डब्यातली पावडर चोरून लावायची. रोज मैदानात जाऊन आधी हात दाखवायची. "बघ रोहिणी, आज कोरडे आहेत." ती गोड हसायची आणि रुमाल काढायची. मी म्हणायची, सॉरी. किती सॉरी म्हणाले असेन! घामाच्या माफ्या मागत महिने काढले मी.

खेळ मात्र शिकत होते. उस्ताद ओरडायचे, "ए बीबी! सूरत क्या देख रई है? पाँव देख, पाँव! सूरत झूठ बोलती है." चढाईवाली डोळे एकीकडे करते, खांदा दुसरीकडे वळवते, पण पाय जिकडे जायचा तिकडेच टेकतो. मी पाय बघायला शिकले. कोणाची टाच कधी उचलते, वजन कोणत्या पायावर आहे. माझ्या हातात घोटा आला की सुटत नसे. ढोपरं सोलून निघायची. त्यावर माती थापायची, पुन्हा उभी. कोपऱ्यातून सगळं मैदान दिसतं. मी ओरडून सांगायला लागले, "बाएँ! बाएँ जा रई है!" मुली माझ्या आवाजावर वळायला लागल्या. आवाज चालत होता त्यांना. हात नाही.

एक दिवस आईने तुरटीची वाटी पाहिली. आई वऱ्हाडातली, बोलणं कुऱ्हाडीसारखं.

"हे काय चालू हाय वं?"

"हाताला घाम येतो. पकड निसटते."

तिने माझे दोन्ही हात ओढून घेतले. उलटे केले. अंगठा फिरवला. चुलीवर भाकरी भाजून तिचा अंगठा दगड झाला होता; तो स्पर्श मला अजून आठवतो.

"कायचा घाम वं? हात त खडखडीत कोरडे हायेत तुये." मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "हे घाम नोय पोरी. जात हाय. तुरटीनं निघत नाई थे."

वाटी उचलली आणि मोरीत पालथी केली.

मी चिडले. आईवर! म्हणाले, तुला काही कळत नाही, रोहिणी तशी नाहीये, तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं. रुसून जेवले नाही. बघा, कशी हुशार! चपराक कुठून आली ते कळेना, आणि जिने दाखवलं तिच्यावर डाफरले.

दुसऱ्या दिवशी मैदानात गेले. सूरत नाही पाहिली. हात पाहिले. रोहिणीचा डावा हात माझ्याकडे, रुमालात. उजवा हात पलीकडच्या सुधाच्या हातात. उघडा. सुधाच्या कोपरावरून घामाचे ओघळ येत होते. दोघींची बोटं एकमेकींत गुंतलेली. मधेच सुधाने हात सोडून कपाळ पुसलं, घाम झटकला, आणि रोहिणीने तोच ओला हात पुन्हा धरला. बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवशी मी सॉरी म्हणाले नाही. रात्रभर माझाच तळवा बघत पडले होते.

पुढच्या आठवड्यात सामना. टाऊनशिपच्याच मैदानावर. क्लबच्या बाजूला साहेब लोकांच्या खुर्च्या, सरबताचे ग्लास. नाल्याच्या बाजूला आमची लाईन, उभी. आई आली होती. बाबांची ड्युटी होती.

समोरून उंच, काटक मुलगी चढाईला आली. साखळीसाठी रोहिणीने कमरेचा रुमाल काढला. मी हात मागे घेतला.

"रुमाल ठेव," मी म्हणाले.

"अगं, ती आली! हात दे!"

"रुमाल ठेव. मग देते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दारातलं पायपुसणं बोलायला लागलं. रुमाल ठेवला नाही. मी हात दिला नाही. साखळी माझ्याआधीच संपली. मी कोपऱ्यात एकटी.

चढाईवालीची टाच उचलली. मी झेपावले. घोटा हातात आला. दोन्ही हातांनी धरला. आता बाकीच्यांनी तिच्यावर पडायचं. ओरडले मी, "आओ!"

कोणी आलं नाही.

रोहिणी हलली नाही, म्हणून बाकीच्या हलल्या नाहीत. ती मुलगी मला मधल्या रेषेपर्यंत फरफटत घेऊन गेली. पोटावर, मातीतून. मी घोटा सोडला नाही. तिचा हात रेषेला लागला. शिट्टी. गुण त्यांना. मी बाद. खुर्च्यांकडून कोणीतरी हसलं.

उस्ताद धावत आले. रोहिणी म्हणाली, "इसने हाथ छोड़ दिया, उस्ताद. चेन तोड़ दी."

"काए को छोड़ा हाथ?"

तोंडात माती होती. थुंकले. आणि खुर्च्यांपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "मैंने छोड़ा नहीं, उस्ताद. इन्होंने कभी पकड़ा ही नहीं. रुमाल पकड़ते हैं ये लोग."

सरबताचे ग्लास तोंडाजवळ थांबले. उस्ताद कधी रुमालाकडे, कधी खुर्च्यांकडे बघायला लागले. नोकरी त्यांचीही तिथेच. शेवटी मलाच म्हणाले, "खेलना है कि नहीं, बीबी?"

"खेलना है. रुमाल से नहीं."

खुर्च्यांतून रोहिणीच्या आईचा आवाज आला. स्वच्छ, पुणेरी. "रोहिणी, चल घरी. नको ते लोक आणि नको ते खेळ."

ती गेली. जाताना रुमाल नीट घडी करून कमरेला खोचला. तिच्या जागी मुन्नी आली. ड्रायव्हरची मुलगी, तोवर बाहेर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळायची. मी पुन्हा आत आले तेव्हा तिने माझा हात असा आवळला की बोटं कडकडली. मातीने भरलेला, ओला, खरखरीत हात.

आम्ही हरलो. चांगल्या सणसणीत हरलो. जिंकलो म्हणून सांगायला मला आवडलं असतं, पण आईने पाहिलेलं आहे.

संध्याकाळी बाबा घरी आले. बातमी त्यांच्या आधी खात्यात पोचली होती. टोपीसुद्धा काढली नाही.

"साहेबाच्या घरी चाल. सॉरी म्हन. एवढंच कर माय."

निळ्या कोटाच्या फोटोखालीच उभे होते बिचारे. माझ्यासाठी जगातला सगळ्यात सोपा शब्द. महिनोन्‌महिने घामाला म्हणत होते, भिंतीला म्हणाले असते.

"नाही म्हणणार."

"माही नोकरी हाय तिथं."

"बाबा, मी नाही म्हणणार."

त्यांची बदली भट्टीवर झाली. ऐन उन्हाळ्यात. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. घरी यायचे तेव्हा भुवया जळलेल्या असायच्या. त्या भुवया मी विसरलेले नाही आणि विसरायच्याही नाहीत. नकाराची किंमत मी दिलीच नाही, त्यांनी दिली. तरी पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. हे कठोर वाटतं? आहेच.

रोहिणी काही खेळात परत आली नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः उस्तादांपुढे जाऊन उभी राहिले. "कप्तान मी होणार."

"को खाँ, सुना?" काय राव, ऐकलं का, अशा भोपाळी थाटात त्यांनी शेजारच्या खांबाला विचारलं. मग बराच वेळ दाढी खाजवली. "लड़कियाँ मानेंगी?"

"जी मानणार नाही ती घरी जाईल," मी मराठीतच म्हणाले. त्यांना कळलं.

पहिल्या दिवशी मैदानात बादलीभर चिखल कालवला. सगळ्यांनी आधी हात त्यात बुडवायचे, मग साखळी. रोज जागा बदलायची. जी आज मधे, ती उद्या कोपऱ्यात. दोघी नाक मुरडून गेल्या. सुधा बादलीपाशी पुष्कळ वेळ उभी राहिली, मग तिने हात घातला. शेवटच्या लाईनीतल्या मुली आल्या, त्यांना तर चिखलाचं काय कौतुक! आणि नियम एकच. कोपऱ्याने घोटा धरला की विचार करायचा नाही. पडायचं. कोण आहे, कोणाची आहे, बघायचं नाही. जी उभी राहील ती बाहेर. सामना चालू असतानासुद्धा बाहेर. मी एकीला काढलं होतं तसं. बरोबरीवर असताना.

असं ते सगळं. रोहिणी हे विसरली असेल. रुमाल तिचा होता, फरफट माझी. विसरणं तिला परवडतं.

आज सकाळी नातीने विचारलं, "आजी, फंक्शनला कौनसी साडी? आणि तू कोपऱ्यात उभी राहणार ना, आंटी बोलल्या तशी?"

निळी साडी काढून ठेवली आहे. गुडघे वाजतात, पण स्टेजच्या पायऱ्या चढता येतात. रोहिणीला फोन करून सांगितलं, येते.

जागेचं काही सांगितलं नाही. ते तिथेच कळेल. मी मधे उभी राहणार आहे. दोन्ही बाजूंना दोन्ही हात पुढे करणार आहे, तळवे वर, उघडे. सॉरी म्हणणार नाही. धरा म्हणूनही म्हणणार नाही. कोणी धरले नाहीत, तर फोटोत तेच येईल. मी हात खाली घेणार नाही.