गुडघ्याची वाटी आणि घरचा फिटर

गिरणी बंद पडली आणि आमच्या ह्यांनी घरातली एकही चालती वस्तू चालती ठेवली नाही. हे गिरणीत फिटर होते, कापड विणायचे साचे दुरुस्त करायचे. घरी बसल्यावर आधी मिक्सर उघडला, मग पंखा. भांडायला मला वेळ नव्हता. सुदामा नगरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचे डबे मी करत होते आणि घर तेवढ्यावरच चाललं होतं.

त्यात माझा उजवा गुडघा सुजला. खाली बसून पोळ्या लाटल्या की उठताना आत काहीतरी सरकायचं आणि वाटीखाली अशी कळ यायची की भिंत धरावी लागायची. डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला.

मला त्या नळकांड्यात सरकवलं आणि ठोकाठोक सुरू झाली. हे दाराबाहेर बाकावर होते. साच्यात सूत नेणारा धोटा अडकला की अशीच ठोकाठोक होते. हे मशीनवरच्या माणसाला म्हणाले, "भिया, मशीन रोक दो. शटल अटक रहा है."

"बाबूजी, ये ऐसे ही चलती है."

"ऐसे चलाओगे तो ज्यादा दिन नहीं चलेगी."

हे सगळं मला त्या माणसानेच नंतर हात जोडून सांगितलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. वाटीखाली चरबीची एक छोटी गादी असते म्हणे, ती सुजली होती. वाटी आपल्या खाचेतून बाहेरच्या बाजूला सरकत होती आणि गादी चिमटत होती. माझ्या अंगावर मूठभर मांस नाही. चरबी असलीच तर ती नेमकी तिथे.

"कसरत करायची, पट्टी लावायची, आणि माताजी, नीचे बैठना बंद," डॉक्टर म्हणाले.

"मग पोळ्या कुठे लाटू? डबे बंद झाले तर खायचं काय?"

ते माझं काम नाही, असा चेहरा करून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

रिक्षात हे खुशीत होते. "पट्टा पुलीवरून उतरतोय, दुसरं काही नाही. बघतो मी."

"मी मिक्सर नाहीये," मी म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांनी खडूने माझ्या वाटीवर एक रेघ मारली, मांडीवर दुसरी. कुठला भाग किती हलतो ते गिरणीत असंच बघायचे. "उठ. बस. आता पोळी टाकल्यासारखं कर."

शेजारीण दारातून बघत होती. "काकू, हे काय चाललंय?"

"सर्व्हिसिंग," मी म्हटलं.

चार दिवसांनी निकाल लागला. मी सरळ उठले की रेघेशी रेघ जुळायची. डावीकडच्या गॅसकडे वळून उठले की वाटी सरकायची. मी वर्षानुवर्षं तशीच वळून उठत होते. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले, पण म्हणाले, बरोबर आहे. खाली बसणं मात्र बंदच.

मग खालचा गॅस ओट्यावर चढला आणि ओटा संपला. लाटायला ह्यांनी जुन्या दाराच्या फळीचं टेबल केलं. माप घेतलं स्वतःच्या कोपराचं. मी उभी राहिले तर टेबल माझ्या छातीला लागलं.

"पाय कापा ह्याचे."

"कापलेला पाय परत वाढत नाही. आधी चालवून बघू," म्हणाले आणि स्वतःच लाटणं घेतलं. पहिली पोळी ताटलीखाली ठेवून कडा सुरीने कापल्या.

"एक पोळी होईपर्यंत मुलं परीक्षा देऊन येतील," मी म्हटलं.

"फिनिशिंग लागतं अगं."

आठवड्यात हात बसला. हे लाटायचे, मी भाजायची. एकही डबा चुकला नाही. एक मुलगा डबा घेताना म्हणाला, "आंटी, रोटी मशीन की है क्या? सब एक साइज की हैं."

"हाँ," मी म्हटलं, "बंद मिल से उठाकर लाई हूँ."

आतून ह्यांच्या लाटण्याचा आवाज वाढला.

कसरतीने पाच-सहा महिन्यांत गुडघा ताळ्यावर आला. त्यानंतर एकदा हे टेबलाचे पाय माझ्या मापाने कापायला करवत घेऊन आले. मी ती काढून घेतली आणि कपाटावर टाकली.