स्वतःच्या जिवाचा विमा

गुलमंडीतल्या एका दुकानाच्या पायरीवर फॉल-पिको करणारी बाई मला रोज दिसायची. एकदा विम्याच्या ऑफिसात ती माझ्या शेजारीच बसली होती. टाका तपासावा तशी तिची बोटं पदराच्या काठावरून फिरत होती.

एजंटनं विचारलं, “मालकांचा विमा ना, मावशी?”

“त्यांचा हाय. माझा काढायचा.”

“तुमचा कशाला?”

“मागं मी आठ दिवस दवाखान्यात होते. पाचव्या दिवशी घरातलं पीठ संपलं. तवा कळलं, घर कुणाच्या जिवावर चालतंय.”

त्यानं फॉर्मवर ‘गृहिणी’ लिहिलं होतं. तिनं ते खोडायला लावून ‘शिवणकाम’ लिहून घेतलं.

मी नवऱ्याच्या विम्याचा हप्ता भरायला आले होते. तो भरला आणि माझ्यासाठी एक फॉर्म मागितला.